आगीच्या नळाची परीक्षा



आपल्या इमारतीच्या जिन्यांत तांबड्या रंगाचा एक जाड नळ तळमजल्यापासून गच्चीपर्यंत गेलेला असतो. प्रत्येक मजल्यावर त्यास एक तोंड असतें, तोंडावर फिरवावयाचें चाक असतें, आणि शेजारीं कांचेच्या दाराची एक तांबडी पेटी टांगलेली असते. रोज दहा वेळां आपण तिच्यावरून जातों-येतों. ह्या तोंडाला हायड्रंट म्हणतात, आणि तोच शब्द आतां आपल्याकडे रुळला आहे; मी त्याला केव्हां हायड्रंट म्हणेन, केव्हां आगीचा नळ म्हणेन. आज मला विचारावयाचें आहे तें एवढेंच कीं, ह्या नळांतून पाणी येतें हें आपणांस कशावरून ठाऊक? आपल्यापैकीं किती जणांनीं तें डोळ्यांनीं पाहिलें आहे?

मी स्वतः शाळामास्तर, शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें. यंत्रशास्त्राचा अधिकार मजकडे नाहीं. परंतु सेवानिवृत्त झाल्यावर विरारच्या आमच्या गृहनिर्माण संस्थेनें पाणी व पंप ह्यांचें खातें माझ्या गळ्यांत घातलें, आणि गेलीं कांहीं वर्षें ह्या तांबड्या नळाची परीक्षा घेण्याचें काम मजकडे आहे. परीक्षा घेण्याची संवय जुनी, त्यामुळें काम आवडलें. त्यांत जें कळलें आणि जें वाचून-विचारून समजून घेतलें, तें आज सांगतों.

वसई-विरारच्या मंडळींना बावखल हा शब्द समजावून सांगावयास नको. इतरांसाठीं सांगतों: वाडीच्या कडेला गोड्या पाण्याचें जें खोदीव तळें असतें त्यास आमच्याकडे बावखल म्हणतात. वाडीला पाणी त्याचेंच. कोठें गवताच्या गंजीला किंवा कुडाच्या घराला आग लागली तर माणसें हंडे, कळशा, बादल्या घेऊन विहिरीवर नाहींतर बावखलावर धांवत. त्या व्यवस्थेंत शक्ति फारच थोडी होती. पण एक गुण मोठा होता. दोर कुजला आहे कीं धड आहे, पाणी किती खोल गेलें आहे, हें कोणास विचारावें लागत नसे, कारण तें पाणी रोजच्या वापरांतलें होतें. जी वस्तु रोज पहाटे हातांत येते तिची परीक्षा आपोआप होते. जिन्यांतला तांबडा नळ ह्याच्या अगदीं उलट. इमारतींतल्या साऱ्या नळांत तोच एक असा कीं ज्याचें पाणी कोणी पीत नाहीं, ज्याखालीं कोणी हात धूत नाहीं. तो बिघडला तर कोणाचें अडत नाहीं आणि कोणी तक्रार करीत नाहीं. रात्रीं स्वयंपाकघरांतला नळ गळूं लागला तर सकाळीं नळवाला दारांत हजर असतो. जिन्यांतला नळ पांच वर्षें कोरडा असला तरी घरांतल्या कोणास त्याचा पत्ता नसतो.

हायड्रंट ही कल्पना कशी निघाली तें थोडक्यांत सांगतों. लंडनमध्यें रस्त्याखालून पाणी नेणारे नळ एके काळीं लांकडाचे, झाडांचीं खोडें पोखरून केलेले असत. आग लागली कीं लोक रस्ता खणून नळ उघडा करीत, त्यास भोंक पाडीत, खड्ड्यांत सांचलेलें पाणी उपसून आगीवर टाकीत, आणि काम झाल्यावर त्या भोंकांत लांकडाची खुंटी ठोकून देत. पुढें अशा खुंट्या मुद्दामच ठराविक अंतरावर ठेवूं लागले. इंग्रजींत हायड्रंटला फायर प्लग, म्हणजे आगीची खुंटी, असें जें दुसरें नांव आहे तें येथून आलें. मग ओतीव लोखंडाचे नळ आले, दाबाचें पाणी आलें, आणि खुंटीच्या जागीं चाकाचा व्हॉल्व्ह आला. आपल्या मुंबईंत विहार तलावाचें पाणी नळानें आलें तें १८६० सालीं. त्यापूर्वीं, १८०३ च्या फेब्रुवारींत कोटांतला मोठा भाग जळाला, तेव्हां तळीं आणि विहिरी ह्यांवांचून दुसरा आधार नव्हता.

पण साधन असणें निराळें आणि तें चालूं स्थितींत असणें निराळें. १५ डिसेंबर १८३६ रोजीं अमेरिकेंत वॉशिंग्टन शहरीं पेटंट कचेरीला आग लागली. कचेरीच्या शेजारींच बंबखाना होता. त्यांत पंप होता, चामड्याची लांबलचक नळी होती. पण ती नळी सोळा वर्षांची जुनी, आणि चामडें कुजून निकामी झालेलें. ज्या स्वयंसेवकांच्या भरंवशावर तो बंब ठेवला होता त्यांची तुकडीही मागेंच मोडली होती. सुमारें दहा हजार पेटंटांचे कागद आणि हजारों नमुने त्या आगींत गेले. खांबाच्या आकाराच्या हायड्रंटच्या शोधाचा मान फिलाडेल्फियाच्या फ्रेडरिक ग्राफ ह्यांस देतात. त्याचा पुरावा विचारला तर त्याचें पेटंटही ह्याच आगींत जळालें असें सांगतात. हायड्रंटच्या जन्मपत्रिकेची ही गत व्हावी ह्यास काय म्हणावें! असो.

आतां आपल्या इमारतींतली रचना पाहूं. जमिनीखालीं पाण्याची मोठी टाकी आणि तिच्याशेजारीं पंपखोली. उंच इमारतीच्या पंपखोलींत बहुधा तीन पंप असतात. पहिला विजेवर चालणारा मुख्य पंप. दुसरा डिझेलवर चालणारा, कारण आगीच्या वेळीं वीज जाण्याचा संभव फार. तिसरा अगदीं लहान. त्यास जॉकी पंप म्हणतात. नळांत कोठें किंचित् गळती होऊन दाब उतरला तर तेवढा भरून काढावयाचा, इतकेंच ह्या तिसऱ्याचें काम. वर कोणीं व्हॉल्व्ह उघडला कीं दाब एकदम पडतो, आणि त्या इशाऱ्यानें मुख्य पंप आपोआप सुरू होतो. कमी उंचीच्या इमारतींत बहुतेक उलटी योजना असते: टाकी गच्चीवर, पंप गच्चीवर, आणि नळ वरून खालीं उतरतो. मजल्यावरच्या तोंडाचा व्यास ६३ मिलिमीटर. पेटींत पंधरा-पंधरा मीटरच्या दोन नळ्या आणि एक नोझल असावें लागतें. तळाशीं रस्त्याच्या बाजूस आणखी एक तोंड असतें तें पाणी घेण्यासाठीं नव्हे, देण्यासाठीं. आपली टाकी संपली किंवा पंप बंद पडला तर अग्निशमन दलाचा बंब त्या तोंडांतून आपलें पाणी आपल्या उभ्या नळांत चढवितो. पुष्कळ इमारतींत हें तोंड कोणाच्या तरी मोटारीमागें दडलेलें असतें.

ह्यापुढें थोडें गणित आलें. पाण्यालाही चढण लागते; जीवदानीच्या पायऱ्या चढून गेलेल्या विरारकरांस हें निराळें सांगावयास नको. पाणी दहा मीटर उंच चढवावयास दर चौरस सेंटिमीटरला एक किलो एवढा दाब खर्चीं पडतो. इमारत दहा मजल्यांची, एकेक मजला तीन मीटरचा धरला, तर नुसतें वर पोंचावयासच तीन किलो संपले. राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणें सर्वांत वरच्या तोंडाशीं साडेतीन किलो दाब शिल्लक राहिला पाहिजे; म्हणजे पंपापाशीं साडेसहा झाले, आणि नळाच्या घर्षणांत जाईल तो आणखी निराळा. गच्चीवर टाकी असली म्हणजे हा प्रश्न सुटला असें कित्येकांस वाटतें. तसें नाहीं. टाकीखालीं तीन मीटरवर जो मजला आहे त्यास नुसत्या उंचीचा दाब मिळतो तो एक किलोचा तिसरा हिस्सासुद्धां नव्हे. तेवढ्यानें बागेला पाणी घालतां येईल, आग विझवितां यावयाची नाहीं. म्हणून गच्चीवरही पंप लागतो. तात्पर्य, नळ खालून वर जावो कीं वरून खालीं येवो, दोहोंतही सर्वांत दुबळा मजला तो शेवटचाच. वर्गाची तयारी पाहावयाची असेल तर पहिल्या बांकावरच्या मुलास प्रश्न विचारून कांहीं कळत नाहीं. परीक्षा घ्यावयाची ती सर्वांत वरच्या तोंडाची.

आणि येथें परीक्षेंतली मोठी फसगत उभी राहते. पंपखोलींत घड्याळासारखी एक तबकडी असते. तिचा कांटा सात किलोवर असला कीं पाहणारा समाधानानें मान डोलावतो आणि वहींत सही करतो. हा कांटा खोटें बोलत नाहीं. पण त्याला विचारलेला प्रश्नच चुकीचा असतो. पाणी स्थिर असेपर्यंत नळांत कोठेंही अडथळा असला तरी दाबाला त्याचें कांहींच वाटत नाहीं. मधला व्हॉल्व्ह नुसता बोटभर उघडा असो, गंजाच्या खपल्यांनीं नळ निम्मा बुजलेला असो, सगळीकडे दाब सारखाच दिसेल, कारण पाण्याला कोठें जावयाचेंच नाहीं. धार सुटली कीं मग खरा प्रकार उघडकीस येतो. जेथें वाट अरुंद तेथें दाब मरतो, आणि वरच्या मजल्यावर धारेऐवजीं ओघळ येतो. कोंडलेल्या पाण्याचा दाब आणि वाहत्या पाण्याचा दाब ह्या दोन निराळ्या वस्तू आहेत. आगीस उपयोग दुसऱ्याचा. म्हणून पाणी सोडल्याखेरीज केलेली तपासणी ही तपासणीच नव्हे, असें माझें स्पष्ट मत आहे.

आमच्या येथें ही परीक्षा कशी घेतों तें क्रमानें सांगतों. आदल्या दिवशीं फळ्यावर सूचना लागते, नाहींतर पंपाचा आवाज ऐकून लोक घाबरतात. एक मनुष्य पंपखोलींत, एक टाकीपाशीं, आणि तिघे वर. सर्वांजवळ मोबाइल फोन. टाकींतल्या पाण्याची उंची आधीं काठीनें मोजून लिहून ठेवावयाची. वर शेवटच्या तोंडाला नळी जोडून ती गच्चीवर मोकळ्या बाजूस न्यावयाची, तिच्या टोंकाला नोझल, आणि नोझल धरावयास दोघे धट्टेकट्टे गडी. हें सांगण्याचें कारण असें कीं, २० मिलिमीटरच्या नोझलमधून साडेतीन किलोच्या दाबानें पाणी सुटतें तेव्हां धरणाऱ्यास सुमारें २२ किलोचा धक्का मागें बसतो. एकट्यादुकट्यानें, विशेषतः पोरासोरांनीं, हा खेळ करूं नये. हातून सुटलेली नळी सापासारखी फणकारते आणि तिचें पितळी तोंड ज्यास लागेल त्यास जायबंदी करतें.

मग चाक हळूहळू फिरवून पूर्ण उघडावयाचें. अर्धवट उघडलेला व्हॉल्व्ह म्हणजे आपणच केलेला अडथळा. नळांतून पाहिल्यानें फुसफुसत हवा येते, मग काळपट तांबडें पाणी, आणि मग स्वच्छ. काळें पाणी पाहून कित्येकजण नाक मुरडतात. तें नळांत वर्षभर कोंडलेलें पाणी आहे, तें निघून जाणें हाही परीक्षेचा एक लाभच. ह्या वेळीं पंपखोलींतला मनुष्य दोन गोष्टी टिपतो: पंप आपोआप सुरू झाला कीं हातानें करावा लागला, आणि किती सेकंदांनीं. वर, लगतच्या खालच्या मजल्याच्या तोंडावर दाबाचा कांटा बसविलेला असतो, तो वाहत्या पाण्याचा दाब सांगतो. तीन मिनिटें धार चालूं द्यावयाची. नंतर मुख्य पंपाची वीज बंद करून हाच प्रकार डिझेलच्या पंपावर. डिझेलचा पंप न चालण्याचें कारण मला दिसलें तें बहुधा एकच: इंजिन ठणठणीत असतें, टाकींत डिझेल असतें, आणि बॅटरी मेलेली असते.

धार किती सुटली हें मोजावयास महागडें यंत्र नसलें तरी चालतें. चौथ्या इयत्तेचें गणित पुरतें. समजा टाकी पांच मीटर लांब आणि चार मीटर रुंद आहे. तिचें क्षेत्रफळ वीस चौरस मीटर. म्हणजे पाणी एक सेंटिमीटर उतरलें कीं दोनशें लिटर गेलें. वर सांगितलेल्या नोझलमधून साडेतीन किलोच्या दाबानें मिनिटाला सुमारें पांचशें लिटर पाणी जावें. तीन मिनिटांत पंधराशें, म्हणजे टाकी साडेसात सेंटिमीटर उतरली पाहिजे. काठी बुडवून पाहावी. चारच सेंटिमीटर उतरली असेल तर कोठें तरी वाट अडली आहे, मग पंपखोलींतला कांटा कांहींही सांगो. मात्र परीक्षेपूर्वीं टाकी भरणारा नळ बंद केलेला असावा, नाहींतर सगळा हिशेब चुकतो.

येथें आमच्या विरारकर श्रोत्यांचा आक्षेप मला येथवर ऐकूं येतो. पंधराशें लिटर पाणी गच्चीवरून ओतून द्यावयाचें? ज्या गांवांत टँकरच्या मागें लोक वाट पाहत उभे राहिले, त्या गांवांत? आक्षेप खोटा नाहीं. पापडखिंडीचें, उसगांवचें, पेल्हारचें पाणी, आणि लांबून येणारें सूर्या नदीवरच्या धामणी धरणाचें पाणी, हें सगळें मिळूनही वाढत्या वस्तीला वर्षानुवर्षें अपुरें पडत आलेलें आम्हीं पाहिलें आहे. ह्या अनुभवानें आमच्या मनांत पाण्याविषयीं एक प्रकारचा चिक्कूपणा बसला आहे, आणि तो बसावा हें साहजिकच आहे. परंतु हिशेब करून पाहा. टँकर साधारण दहा हजार लिटरचा. एका परीक्षेस त्याचा सहावा हिस्सासुद्धां लागत नाहीं. शिवाय तें पाणी फुकट घालविण्याचें कारण नाहीं. स्वच्छ धार येऊं लागली कीं नळी खालीं सोडून अंगण धुवावें, झाडांस द्यावें, पिंपांत भरून गाड्या धुवाव्या. पंपाच्या आठवड्याच्या चालविण्यास तर थेंबही दवडावा लागत नाहीं. पंपाच्या मुखापासून टाकींत परत जाणारी एक नळी असते, तीवाटें पाणी फिरून टाकींतच येतें. ती नसेल तर बसवून घ्यावी.

माझी चिंता परीक्षेंत जाणाऱ्या पाण्याची नाहीं. परीक्षेवांचून जाणाऱ्या पाण्याची आहे. मे महिन्यांत टँकर आला नाहीं, घरोघरीं नळ कोरडे पडले, आणि तिकडे आगीच्या टाकींत हजारों लिटर पाणी नुसतें पडून आहे, अशा वेळीं काय होतें तें सर्वांना माहीत आहे. कोणी तरी म्हणतो, आजच्या दिवस घ्या, उद्यां भरूं. ती उद्यां पुष्कळदां येत नाहीं. गच्चीवरच्या टाकींत तर ह्याहून सोपी युक्ति असते. एकाच टाकींतून घरचें पाणी आणि आगीचें पाणी घेतात तेथें घरच्या नळाचें तोंड मुद्दाम वर, आणि आगीच्या नळाचें तोंड तळाशीं ठेवलेलें असतें, म्हणजे घरच्या नळाचें पाणी संपलें तरी तळचा सांठा आगीसाठीं राहावा. एका इमारतींत मीं पाहिलें कीं, नळवाल्यानें घरच्या नळाला आंतून एक वांकडा तुकडा जोडून त्याचें तोंड तळापर्यंत नेलें होतें, आणि दोन उन्हाळे ह्या शोधाचें कौतुक चाललें होतें! शेवटच्या थेंबापर्यंत पाणी मिळे ह्यांत नवल नाहीं. तो शेवटचा थेंब आगीचा होता.

जमिनीखालच्या टाक्यांस ह्यावर एक चांगला उपाय आहे. बाहेरून येणारें पाणी आधीं आगीच्या टाकींत सोडावयाचें, आणि ती भरून जें वाहील तें शेजारच्या घरच्या टाकींत जाऊं द्यावयाचें. मग आगीची टाकी पहिली भरते, तिच्यांतलें पाणी शिळें होत नाहीं, आणि दोहोंमधली भिंत फोडल्यावांचून कोणास तिला हात लावतां येत नाहीं. नवी इमारत घेणाऱ्यांनीं ही रचना आहे कीं नाहीं एवढें तरी विचारावें. बांधणारा फरशीचे नमुने आनंदानें दाखवितो. टाकीचा नकाशाही त्यास मागावा.

रस्त्यावरच्या हायड्रंटविषयीं दोन शब्द. ज्या शहरांत नळाला चोवीस तास पाणी असतें तेथें रस्त्यावरचा हायड्रंट हाच बंबाचा मुख्य आधार. आपल्याकडे नळाला पाणी येण्याच्या वेळा ठरलेल्या, आगीची वेळ ठरलेली नाहीं. त्यामुळें रस्त्याच्या हायड्रंटवर विसंबतां येत नाहीं, आणि बंबाला आपलें पाणी टँकरानें बरोबर न्यावें लागतें. म्हणून आमच्यासारख्या गांवीं इमारतीच्या स्वतःच्या टाकीला आणि स्वतःच्या नळाला अधिक महत्त्व येतें. अमेरिकेंतली एक पद्धति मात्र सांगण्याजोगी आहे. तेथें पुष्कळ ठिकाणीं हायड्रंटचें डोकें त्याच्या परीक्षेच्या निकालाप्रमाणें रंगवितात. मिनिटाला सुमारें ५,७०० लिटर किंवा अधिक पाणी देणाऱ्याचें डोकें निळें, त्याहून कमी तें हिरवें, मग नारिंगी, आणि सर्वांत कमी पाणी देणाऱ्याचें तांबडें. बंबवाल्यास लांबूनच कळतें कीं कोठें जावें. आपले सगळेच हायड्रंट तांबडे. त्या हिशेबानें सगळेच नापास!

रंगावरून आठवलें. दिवाळीपूर्वीं इमारत रंगवितांना रंगारी हायड्रंटवरही हात फिरवितो, आणि चाकाचा दांडा, तोंडाचें झांकण, सांखळी, सगळें एकजीव होऊन बसतें. दांड्याला रंग नको, वंगण पाहिजे. अर्नाळ्याचा समुद्र आमच्यापासून फार दूर नाहीं. खाऱ्या दमट हवेंत लोखंडाचा दांडा एका पावसाळ्यांत धरतो. दर महिन्यास चाक एकदां थोडें फिरवून परत बसवावें, एवढ्यानें पुष्कळ काम होतें. तोंडाच्या आंत रबराचा वॉशर असतो तो वाळून तडकला तर जोडावरून कारंजीं उडतात आणि धारेचा जोर जातो. नळी ओली गुंडाळून ठेवली तर तिला बुरशी धरते. वर्षानुवर्षें एकाच घडीवर राहिली तर घडीवरच फाटते. म्हणून सुकवून, घडी बदलून ठेवावी.

आणि नोझल! पितळेला मोडींत भाव येतो हें चोराला आपल्याआधीं ठाऊक असतें. एका सकाळीं आमच्याही दोन मजल्यांच्या पेट्या रिकाम्या आढळल्या. त्यावर कांहीं सभासदांनीं पेट्यांस कुलपें लावण्याची सूचना केली. कुलूप लावण्यास हरकत नाहीं, पण किल्ली पेटीशेजारींच कांचेच्या लहान डबींत पाहिजे. ती वॉचमनच्या खिशांत असेल आणि वॉचमन जेवावयास गेला असेल, तर चोरापासून वांचविलेलें नोझल आपल्यालाही मिळावयाचें नाहीं. पेटींत केरसुण्या, जुनीं वर्तमानपत्रें आणि दिवाळींतल्या कंदिलाचा सांगाडा सांपडणें ही तर नित्याची गोष्ट आहे.

नवें नोझल किंवा जोड घेतांना स्वस्तांत मिळतो म्हणून भलत्या मापाचा घेऊं नये. अमेरिकेंत बाल्टिमोर शहर ७ आणि ८ फेब्रुवारी १९०४ रोजीं जळत होतें तेव्हां आसपासच्या शहरांतून बंब धांवून आले, पण त्यांच्या नळ्यांचे जोड तेथील हायड्रंटला बसेनात. माणसें आहेत, बंब आहेत, नळांत पाणी आहे, आणि जोड बसत नाहीं. दीड हजारांवर इमारती त्यांत गेल्या. आपल्याकडे भारतीय मानकानें ६३ मिलिमीटरचा एकच जोड ठरवून दिला आहे, आणि आपल्या बंबाच्या नळ्यांस तोच असतो. पेटींतली नळी स्वतः मजल्यावरच्या तोंडाला लावून पाहावी. कट्ट असा आवाज होऊन बसली आणि ओढून निघाली नाहीं म्हणजे झालें.

कायद्याची बाजू सांगितली पाहिजे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ ह्याप्रमाणें इमारतीच्या मालकानें किंवा भोगवटादारानें परवानाधारक संस्थेकडून ही सर्व साधनें चालूं स्थितींत असल्याचें प्रमाणपत्र वर्षांतून दोनदां, जानेवारी आणि जुलै महिन्यांत, अग्निशमन अधिकाऱ्याकडे द्यावयाचें असतें. नियम उत्तम आहे. पण प्रमाणपत्र हें शेवटीं कागद असतें, आणि जिन्याच्या पायऱ्या न चढतांही तें भरतां येतें. प्रमाणपत्र देणारा मनुष्य येईल त्या दिवशीं दोन सभासदांनीं हजर राहावें आणि नम्रपणें सांगावें, ‘साहेब, वरचा व्हॉल्व्ह उघडून पाहूं.’ खरा जाणकार ह्यानें आनंदतो.

२३ एप्रिल २०२१ ची पहाट आम्ही विरारकर विसरलों नाहीं. विरार पश्चिमेस विजय वल्लभ रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागांत आग लागली आणि त्या दिवशीं १३ रुग्ण मृत्युमुखीं पडले. करोनाचे दिवस होते. त्या आगीचा आणि हायड्रंटचा संबंध मी जोडीत नाहीं. पण अंथरुणाला खिळलेला रुग्ण, लहान मूल, चालतां न येणारी आजी हीं माणसें प्रत्येक इमारतींत असतात. त्यांना जिना उतरून पळतां येत नाहीं. बंब निघाला, गर्दींतून आला, शिडी लागली, एवढा अवधि कोणीं तरी आगीला त्यांच्यापासून दूर ठेवावें लागतें. आणि बंबाची माणसें वर पोंचलीं कीं तींही प्रथम मजल्यावरच्याच तोंडाला नळी लावतात. तें तोंड कोरडें निघालें तर त्यांना खालपासून वरपर्यंत नळ्या ओढाव्या लागतात.

वर्षाची मोठी परीक्षा केव्हां घ्यावी असें मला विचारतात. आम्हीं १४ एप्रिलचा आठवडा धरला आहे. १९४४ सालीं त्या दिवशीं मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदींत फोर्ट स्टिकीन जहाजाचा स्फोट झाला आणि आग विझवीत असलेले ६६ अग्निशामक जवान प्राणांस मुकले. तेव्हांपासून तो दिवस देशभर अग्निशमन दलाचा स्मृतिदिन म्हणून पाळतात. दुसरें व्यावहारिक कारण असें कीं, एप्रिलमध्यें टाकी भरलेली आहे हें चारचौघांनीं पाहिलें, आणि तिची उंची वहींत लिहिली गेली, म्हणजे मे महिन्यांत तिला हात लावतांना माणूस जरा विचार करतो. वही साधी असावी: तारीख, कोणत्या मजल्यावरचें तोंड, थांबलेल्या पाण्याचा दाब, वाहत्या पाण्याचा दाब, टाकी किती उतरली, पंप किती सेकंदांनीं सुरू झाला, आणि हजर कोण होतें. यंदाचा आंकडा गेल्या वर्षाच्या आंकड्याशेजारीं वाचावा. एकट्या आंकड्यावरून कांहीं कळत नाहीं. दोन वर्षांत दाब अर्ध्या किलोनें उतरला असेल तर नळ आंतून बुजत चालला आहे.

परीक्षा संपतांना घाई करूं नये. चाक बंद करावयाचें तें उघडण्याहून हळू. धांवतें पाणी एकदम अडविलें तर त्याचा हातोड्यासारखा ठोसा नळाच्या सांध्यांवर बसतो आणि सांधे सुटतात. नळी सुकवून, नोझल मोजून पेटींत ठेवावें. टाकी भरणारा नळ परत उघडावा आणि टाकी भरेपर्यंत कोणी तरी थांबावें. शेवटीं पंपखोलींत जावें. परीक्षेसाठीं जे व्हॉल्व्ह बंद केले असतील ते उघडून त्यांना सांखळी घालावी, आणि पंपाची खटकी जी हातानें चालविण्याकडे वळविली होती ती परत ‘ऑटो’वर आली आहे हें दोघांनीं, एकानें नव्हे, दोघांनीं पाहून मग वहींत सह्या कराव्या.